यंदाचा बोकड

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे बजेटताई म्हणायचे. दारावरच्या पाटीवर ‘प्रमुख, नियोजन विभाग’ असा हुद्दा चांगला दोन ओळींचा होता, पण पाटी वाचायला सवड कोणाला? बांधणी विभागातली खळ संपली की बजेटताई, वाचनकक्षातले दिवे गेले की बजेटताई, आणि एखाद्या प्राध्यापकांना परदेशी नियतकालिक हवं झालं की तेसुद्धा आधी शिपायाला हळूच विचारून घ्यायचे, आज ताईंचा नूर कसा आहे म्हणून.

नूर बहुधा बरा असायचा. आकडे हे तिचं माहेर होतं. बेरजा ती तोंडी करायची, मग संगणकाची बेरीज बघायची, आणि दोन्ही जुळल्या की संगणकाला शाबासकी दिल्यासारखी मान डोलवायची. नोकरीला लागली तेव्हा साधी लिपिक होती. पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच काम. तिथून परीक्षा देत देत वर चढली आणि गेली बरीच वर्षं ग्रंथालयाचं अंदाजपत्रक तिच्याच हातचं होतं. घरी नवरा मोटार शिकवायची शाळा चालवायचा. तो म्हणायचा, मी लोकांना ब्रेक लावायला शिकवतो, आमची ही आख्ख्या विद्यापीठाला लावते. हे काही खरं नव्हतं. ब्रेक लावणारे दुसरे होते, ही बिचारी गाडी ढकलत होती.

अंदाजपत्रक म्हणजे काय चालतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला हसू येईल. विभागांनी मागण्या द्यायच्या, ग्रंथालयाने त्या एकत्र करून मुख्य इमारतीतल्या वित्त समितीकडे पाठवायच्या, आणि समितीने त्यांना कात्री लावायची. मागणी कितीही रास्त असो, कात्री लागणारच, कारण काहीच कापलं नाही तर समिती बसली कशाला? म्हणून जो तो मागण्या फुगवून देतो. त्या फुगवलेल्या आहेत हे समितीला ठाऊक असतं, आणि समितीला ते ठाऊक आहे हे मागणाऱ्यांनाही ठाऊक असतं. सगळेच शहाणे, आणि सगळे एकमेकांना पुरते ओळखून असतात.

बजेटताईने यातून आपली वेगळी वाट काढली होती. ती फुगवत नसे. ती बोकड पाळायची.

हा शब्द तिचाच. अंदाजपत्रकात एक बाब अशी घालायची की जी कापली जावी म्हणूनच घातली आहे. समितीने ती कापावी, कर्तव्य केल्याच्या समाधानात चहा प्यावा आणि बाकीच्याला धक्का लावू नये. पहिल्यांदा तिने वाचनकक्षातल्या गालिच्याचा बोकड केला. तो फसला. इतकी चैनीची वस्तू कापून समितीचं पोट भरेना. मग तिच्या ध्यानात आलं की बोकड धष्टपुष्ट तर हवाच, पण गुणीही हवा. कापणाऱ्याला कापताना थोडं वाईट वाटलं पाहिजे, म्हणजे पुढच्या पानांवर त्याचा हात आपसूक मऊ पडतो. या विचारातून तिने लिफ्ट शोधून काढली.

ग्रंथालयात खाली देवघेवीचं टेबल, सूची विभाग आणि सामान उतरवायची जागा, आणि पुस्तकांची कपाटं, मोठा वाचनकक्ष असं सगळं वर. मधे एकच जिना, दगडी, उंच पायऱ्यांचा, अर्ध्यात वळण घेणारा. ज्यांना तो चढवत नाही त्यांनी खाली बाकावर बसायचं, हवं ते पुस्तक सांगायचं आणि शिपाई आणून देईल ते वाचायचं. लिफ्टची मागणी अगदी रास्त होती, रक्कम भली मोठी होती, आणि ती कधी मंजूर होईल अशी कोणाला स्वप्नातही भीती नव्हती. ग्रंथपालसाहेब तर तिच्या अकलेवर खूश होते. अंदाजपत्रकाचे दिवस आले की ते तिच्या दारातून डोकावून विचारायचे, यंदाचा बोकड तोच ना? तीही हसून सांगायची की तोच आहे, चांगला पोसलाय.

त्याला पोसत होत्या सूचीबाई.

आलेलं पुस्तक कोणत्या विषयाचं, त्याला नंबर काय द्यायचा, ते कोणत्या कपाटात जायचं, हे ठरवणं सूचीबाईंचं काम. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता. तरुणपणी कठड्याला धरून त्या रोज वर जायच्या. बजेटताई नवीन लिपिक होती तेव्हा तिला कपाटांमधून फिरवून नंबर कसा वाचायचा, चुकून लावलेलं पुस्तक कसं हुडकायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. पुढे दुसऱ्या पायाचा गुडघाही गेला आणि त्यांचं टेबल खाली आणावं लागलं, सामान उतरवायच्या दाराशेजारच्या खोलीत. तेव्हापासून पुस्तकं त्यांच्या हातून नंबर घेऊन वर जायची आणि त्या खालीच राहायच्या. आपणच लावलेली कपाटं त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

लिफ्टच्या मागणीला पानभर समर्थन जोडावं लागायचं. बजेटताईला आकडे यायचे, शब्द यायचे नाहीत, म्हणून तिने सहज सूचीबाईंना गळ घातली. त्यांनी ते काम जिवाला लावून घेतलं. दुसरं कोणी असतं तर दरवर्षी साल बदलून तेच पान पुढे सरकवलं असतं. या दर खेपेला नव्याने लिहायच्या. लिफ्टच्या कंपनीतला माणूस बोलावून जिन्यामागचा कोपरा त्यांनी मोजून घेतला. बाकावर बसणाऱ्या वाचकांशी बोलल्या. एका वर्षी त्यांनी लिहिलं की मागवलेलं पुस्तक वाचणं वेगळं आणि कपाटासमोर उभं असताना त्याच्या शेजारचं पुस्तक सापडणं वेगळं, आणि खालच्या वाचकाला ते शेजारचं पुस्तक आयुष्यात कधी सापडत नाही. बजेटताईने ते वाचलं, मनापासून वा म्हटलं आणि मागणीला जोडून दिलं.

आणि दरवर्षी लिफ्ट कापली जायची. नकार आला की सूचीबाई काठी टेकत स्वतः तिच्या खोलीपर्यंत यायच्या, दोघींसाठी चहा मागवायच्या आणि उलट तिचीच समजूत घालायच्या. तू मनाला लावून घेऊ नकोस, तू भांडलीस ना, झालं तर मग, पुढच्या वर्षी बघू. पहिल्या वर्षी बजेटताईने तो चहा अर्धाच ठेवला. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. दुसऱ्या वर्षी ते जरा सोपं गेलं. मग मग तर ती चहाबरोबर उसासाही टाकायला शिकली. तो उसासा आठवला की पुढे तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

यंदा वित्त अधिकारी बदलले. जुने, ज्यांना सगळे कात्रीकाका म्हणत, निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक शांत बोलणारे गृहस्थ बाहेरून आले. त्यांना एक वाईट खोड होती. ते कागद वाचायचे. मागच्या सगळ्या वर्षांची अंदाजपत्रकं काढून त्यांनी वाचली आणि ग्रंथालयाला निरोप धाडला, की लिफ्टचं समर्थन ज्यांनी लिहिलं आहे त्यांनाही समितीच्या बैठकीला आणावं. ग्रंथपालसाहेब निरोपाचा कागद घेऊन धावत तिच्या खोलीत आले. नवीन माणूस आहे, कुतूहल असेल, असं म्हणून बजेटताईने त्यांना धीर दिला, पण त्यावर तिचाही पुरता विश्वास नव्हता.

सूचीबाई मात्र हरखून गेल्या. बैठकीला त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या. मुख्य इमारतीला लिफ्ट पूर्वीपासून होती. आत शिरल्यावर बटण त्यांनी स्वतः दाबलं, आणि वर जाता जाता कान देऊन ऐकत राहिल्या. "अगं, आवाजच येत नाही हिचा," त्या म्हणाल्या. "वाचकांना काही त्रास नाही व्हायचा." बजेटताई हातातले कागद सारखे करत राहिली.

बैठकीत वित्त अधिकाऱ्यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. इतकी रास्त मागणी इतकी वर्षं नाकारली गेली हे वाचून आपल्याला लाज वाटली, असं ते म्हणाले. एकूण रक्कम वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण त्यांनी तोड काढली होती. लिफ्ट यंदाच मंजूर करायची आणि तेवढे पैसे नियतकालिकांमधून आणि देवघेवीच्या टेबलावरच्या कंत्राटी माणसांच्या पगारातून वळते करायचे. दुसरी कुठलीच गोष्ट ग्रंथालयाने इतकी वर्षं लावून धरलेली नाही, तेव्हा सगळ्यात गरजेची हीच असणार, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात चूक काढायला जागा नव्हती.

बजेटताईच्या तोंडचं पाणी पळालं. बोकड जगला होता आणि सुरी घरच्या माणसांकडे वळली होती. टेबलावरची ती तिघं कंत्राटी माणसं, त्यातली एक नुकतीच बाळंतपणाहून परत आलेली. नियतकालिकं बंद झाली तर संशोधक ग्रंथालय डोक्यावर घेणार ते वेगळंच. ग्रंथपालसाहेब तिच्याकडे डोळे लावून बसले होते. दुसऱ्या बाजूला सूचीबाई होत्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की तिकडे बघायची तिची छाती झाली नाही.

खरं बोलायला तेव्हाही जागा होती. सगळंच हवं आहे, आम्ही मागायला चुकलो, थोडी मुदत द्या, दोन-तीन वर्षांत मिळून बसवू, असं तिला म्हणता आलं असतं. पण मग चुकलो म्हणजे काय, हेही सांगावं लागलं असतं. ते तिला नको होतं. म्हणून ती भलतंच बोलत सुटली. लिफ्टची निकड आता तितकी राहिलेली नाही, बाकावर बसणारे वाचक मोजकेच आहेत, त्यांना पुस्तक हातात मिळतंच आहे. समर्थनात तर याच्या अगदी उलट लिहिलं आहे, असं वित्त अधिकारी म्हणाले.

"ते तसं जुनं आहे, सर," ती म्हणाली. "आता सगळ्यांना सवय झाली आहे. आमच्या सूचीबाईंनाही खाली बसायची सवय झाली आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या कानांवर आलं. वित्त अधिकाऱ्यांनी मान वळवून सूचीबाईंना विचारलं, हे खरं आहे का?

सूचीबाईंनी बजेटताईकडे पाहिलं. ती सारखे केलेलेच कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होती. त्यांना त्यातून काय कळलं कोण जाणे. बहुधा एवढंच, की आपली ही पोरगी कशात तरी अडकली आहे आणि तिला सोडवायला हवं.

"हो," त्या म्हणाल्या. "झाली आहे सवय."

लिफ्ट कापली गेली. बाकीचं सगळं जसंच्या तसं मंजूर झालं. बजेटताईच्या सबंध नोकरीत इतकं धडधाकट अंदाजपत्रक समितीतून बाहेर पडलं नव्हतं. ग्रंथपालसाहेबांचा जीव भांड्यात पडला आणि ते तिचं कौतुक करत पुढे निघून गेले. सूचीबाई तिच्या बरोबरीने हळूहळू चालत होत्या. तुझं काहीतरी कारण असणार, मला सांगायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. वर, तुझं तोंड किती उतरलंय, आज लवकर घरी जा, असंही म्हणाल्या. त्यांनी एक शब्द जरी लागेलसा टाकला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पोळलेल्या बोटावर फुंकर घालावी तसं हलक्या आवाजात म्हटलं की तिघांच्या नोकऱ्या वाचवल्यास, मग तोंड पाडून का बसलीस? ते बरोबर होतं, आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. "निर्णयाचं काही नाही रे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पायाबद्दल मी परस्पर सांगून मोकळी झाले. तेही त्यांच्यासमोर. आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं." नवऱ्याकडे एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विनोद तयार असायचा. त्या रात्री त्याने उठून तिचं ताट वाढलं.

आठवड्याने बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा आला. ग्रंथालयापुरता भाग तपासून, सही करून परत पाठवणं हे तिचंच काम होतं. लिफ्टवर दोनच वाक्यं होती. ‘संबंधित कर्मचाऱ्यांनी समितीसमोर सवय झाल्याचे सांगितल्यामुळे लिफ्टची आवश्यकता नसल्याचे समितीचे मत झाले. सदर बाब यापुढे अंदाजपत्रकात समाविष्ट करू नये.’

कचेरीच्या भाषेत खऱ्या माणसाला लपायला भरपूर जागा असते. तिचं नाव, तिचा हुद्दा, काहीच त्यात नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं की पाय अधू असलेल्या बाई स्वतः उठल्या आणि लिफ्ट नको म्हणाल्या. उद्या सूचीबाई निवृत्त झाल्यावर एखाद्या वाचकाने विचारलं असतं, या ग्रंथालयाला लिफ्ट का नाही, तर त्याच्यापुढे हेच पान धरलं गेलं असतं. ग्रंथपालसाहेबांना मात्र मसुदा पसंत पडला होता. सही करून टाका, हा बोकड संपला, पुढच्या वर्षी दुसरा बघू, असं ते म्हणाले. बजेटताई टेबलाशी बसून राहिली. तिला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली, आणि आपण या शब्दावर इतकी वर्षं हसत होतो हे तिला आठवलं.

सही न करता ती मसुदा घेऊन वित्त अधिकाऱ्यांकडे गेली. हे वाक्य सूचीबाईंचं नाही, माझं आहे, त्यांनी फक्त माझी लाज राखली, असं तिने सांगितलं. मग बोकडाची सगळी गोष्ट सांगितली, त्या शब्दासकट. ते हसले नाहीत. हसले असते तर तिला सोपं गेलं असतं. लिफ्टची बाब कायमची वगळू नये अशी दुरुस्ती करता येईल, पण तिचं कारण इतिवृत्तात लिहावं लागेल, असं ते म्हणाले. काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की जे झालं तेच लिहा. मग तिनेच एकेक शब्द सांगितला आणि त्यांनी तो उतरवला: लिफ्टची मागणी नियोजन विभाग दरवर्षी कपातीसाठी म्हणूनच करत होता, आणि सवय झाल्याचं विधान नियोजन विभागाच्या प्रमुखांचं आहे.

लिफ्ट पुढच्या वर्षीच्या विचारात राहिली, एवढंच. मंजुरीचा शब्द त्यांनी दिला नाही. यापुढे तुमचा प्रत्येक आकडा मी दोनदा तपासणार, असं मात्र स्पष्ट सांगितलं, आणि तिने मान हलवली. ती उठली तेव्हा त्यांनी आठवण करून दिली की दुरुस्त केलेलं इतिवृत्त बैठकीला हजर असलेल्या सगळ्यांना जाईल. म्हणजे सूचीबाईंनाही. कागद पोचायच्या आत आपण पोचायला हवं, हे तिला कळलं, आणि ती तिथून थेट सूची विभागात गेली.

सामान उतरवायचं दार उघडं होतं आणि नवीन पुस्तकांचे गठ्ठे सूचीबाईंच्या टेबलाशी येऊन पडले होते. त्यांनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही, बसलो तर धीर सुटेल असं तिला वाटलं. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. बोकड म्हणजे काय, तो कशासाठी ठेवायचा, आणि लिफ्ट हा बोकड कधीपासून होता. सूचीबाई हातातल्या पुस्तकात बोट घालून ऐकत होत्या.

"पहिल्या वर्षापासून?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई."

"मी कोपरा मोजून घेतला तेव्हाही?"

"हो."

त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. येताना बजेटताईने मनाशी सगळी उत्तरं जुळवली होती. कंत्राटी माणसं, नियतकालिकं, समितीची रीत. त्यातलं एकही कोणी विचारलं नाही.

"मला वाटायचं, आपण दोघी हरतोय," सूचीबाई म्हणाल्या.

बजेटताई माफ करा म्हणाली, पण आवाज इतका खोल गेला होता की तो त्यांच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. मग घाईघाईने तिने सांगितलं की लिफ्टची बाब अजून जिवंत आहे, पुढच्या वर्षी ती खरोखरची मागेल, हवं ते करून भांडेल, समर्थन तेवढं बाईंनीच लिहून द्यावं. सूचीबाईंनी गठ्ठ्यातलं पुढचं पुस्तक ओढलं आणि पहिलं पान उघडलं.

"लिहीन की," त्या म्हणाल्या. "वाचकांसाठी आहे ते, मी सोडणार नाही. फक्त ते पान मी परस्पर समितीकडे पाठवीन. तुमच्याकडे देणार नाही."

तुमच्याकडे, हे ऐकून मागे आणखी कोणी आलं की काय म्हणून बजेटताईने वळून पाहिलं. दारात कोणीच नव्हतं.